विमानाला चालते, राज्याला चालत नाही

विमानप्रवासात द्रवपदार्थ नेण्यावरील निर्बंध हळूहळू सैल होऊ लागले आहेत. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमधील एडिनबर्ग आणि बर्मिंगहॅम या विमानतळांनी हातातील सामानातून दोन लिटरपर्यंतचा द्रव नेण्यास मुभा दिली. नव्या त्रिमितीय स्कॅनर यंत्रांमुळे बाटलीतील द्रव न उघडता ओळखता येतो, हे त्यामागचे कारण. १० ऑगस्ट २००६ रोजी लंडनहून अटलांटिकपार जाणारी विमाने द्रवरूप स्फोटकांनी उडविण्याचा कट उघडकीस आला आणि १०० मिलीलिटरचा नियम जगभर लागू झाला. त्याची पकड जवळपास दोन दशकांनी सुटू लागली आहे. साहजिकच परदेशांतून किंवा परराज्यांतून आवडीची बिअर घरी घेऊन येणाऱ्या हौशी प्रवाशांना आता रान मोकळे झाले असे वाटू शकते. प्रत्यक्षात या मंडळींची अडचण सुरक्षा तपासणीच्या रांगेत कधीच नव्हती. ती विमानतळाच्या बाहेर, जमिनीवर सुरू होते.

विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मद्याची वर्गवारी केवळ ज्वलनशीलतेवरून केली जाते. ज्यात मद्यार्काचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक आहे, ते विमानात नेता येत नाही. २४ ते ७० टक्क्यांच्या दरम्यानचे मद्य प्रत्येक प्रवाशाला पाच लिटरपर्यंत, तेही मूळ सीलबंद बाटल्यांतून नेता येते. गोव्याची फेणी, व्हिस्की, रम हे सारे या गटात मोडतात. २४ टक्क्यांपर्यंतच्या मद्यावर धोकादायक माल म्हणून कोणतेही बंधन नाही. बिअरमधील मद्यार्क सर्वसाधारणपणे चार ते आठ टक्के असतो. म्हणजे विमानाच्या दृष्टीने बिअर आणि आमरसाचा डबा यांत फारसा फरक नाही. मर्यादा राहते ती वजनाची. ३३० मिलीलिटरची भरलेली काचेची बाटली अर्ध्या किलोहून जड भरते. डझनभर बाटल्या म्हणजे सहा-सात किलो. देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमी वर्गाला सहसा १५ किलोच सामान मिळते, हे पाहता कपड्यांना जागा उरत नाही.

उंचीवर दाब कमी झाल्याने बाटल्या फुटतात, अशी एक समजूत प्रवाशांत घट्ट रुजलेली आहे. ती निराधार आहे. प्रवासी विमानाच्या पोटातील सामानाचा कप्पाही प्रवासी कक्षाप्रमाणेच हवाबंद असतो आणि तेथील दाब समुद्रसपाटीपासून सुमारे आठ हजार फुटांवर असतो तितका, म्हणजे जमिनीवरच्या दाबाच्या पाऊणपट राहतो. बिअरच्या बाटलीत विरघळलेल्या कर्बवायूमुळे आतला दाब एरवीच बाहेरच्या दुप्पट-तिप्पट असतो. त्यात पाव वातावरणाची भर पडल्याने चांगल्या बाटलीला काही होत नाही. बाटल्या फुटतात त्या सामानाच्या पट्ट्यावरील आपटाआपटीने. मोज्यांत बाटली घालून ती कपड्यांच्या मधोमध ठेवण्याची जुनी युक्ती म्हणूनच अजून टिकून आहे. नळावरून थेट भरून घेतलेल्या मोठ्या बरणीची, म्हणजे ग्राउलरची गोष्ट मात्र वेगळी. तिचे झाकण कारखान्यातील झाकणाइतके घट्ट नसते, वायू निसटतो, हवा आत शिरते आणि दोन-चार दिवसांत बिअर निस्तेज होते.

मुळात पाच-सात किलोचे ओझे वाहून कोणी बिअर का आणावी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. मोठ्या कारखान्यांची बाटलीबंद बिअर सर्वत्र मिळते. ती पाश्चरीकरण केलेली असते आणि महिनोन् महिने टिकते. छोट्या भट्ट्यांतील बिअर त्या अर्थाने नाशवंत माल आहे. तिच्यात बहुधा पाश्चरीकरण नसते, आणि इंडिया पेल एलसारख्या प्रकारांत हॉप्सच्या फुलांचा सुगंध हेच तिचे सर्वस्व असते. उष्णता आणि प्राणवायू यांच्या संपर्काने तो सुगंध आठवड्यागणिक उतरत जातो आणि पुढे पुठ्ठ्यासारखी बेचव चव येते. उन्हात ठेवलेल्या पारदर्शक वा हिरव्या बाटलीत तर हॉप्समधील घटकांवर प्रकाशाची क्रिया होऊन काही मिनिटांतच उग्र वास येऊ लागतो. तपकिरी काच आणि ॲल्युमिनियमचे डबे वापरण्यामागे हेच शास्त्र आहे. असा माल लांबच्या गोदामांत, उन्हातल्या ट्रकमध्ये पाठविणे छोट्या उत्पादकाला परवडत नाही. तो जिथे तयार होतो तिथेच चांगला लागतो. बेल्जियममधील वेस्टव्लेटेरेन येथील मठात ट्रॅपिस्ट साधू जी बिअर बनवितात, ती तर अनेक वर्षे आगाऊ नोंदणी करून मठाच्या दारातूनच न्यावी लागत असे. त्या दाराशी परदेशी मोटारी आणि सूटकेसा आल्या, त्या काही स्वस्त दारूसाठी नव्हेत.

भारतात ही लाट २००८-०९ च्या सुमारास आली. गुरुग्राममध्ये सूक्ष्म मद्यनिर्मिती केंद्रे सुरू झाली. महाराष्ट्रात २००९ मध्ये पुण्यात डूलाली हे पहिले केंद्र उघडले, तर २०१० मध्ये बेंगळुरूत टॉइट सुरू झाले. बेंगळुरू पुढे या व्यवसायाची राजधानीच झाली. २०१५ मध्ये बाजारात आलेली बिरा ९१ प्रथम बेल्जियममध्ये बनवून आयात केली जात होती. गोव्यात सांगोल्ड्याच्या गोवा ब्रुइंग कंपनीने ‘एट फिंगर एडी’ या नावाने इंडिया पेल एल बाटल्यांतून विक्रीस आणली आणि गोव्याहून परतणाऱ्या पर्यटकांच्या सामानात काजूच्या पाकिटांबरोबर आणखी एका वस्तूची भर पडली.

परंतु या व्यवसायाचा कायदेशीर पाया पहिल्यापासून अरुंद आहे. बहुतेक राज्यांत सूक्ष्म केंद्राचा परवाना हा तिथेच बनवा, तिथेच पाजा अशा स्वरूपाचा असतो. २०२० च्या टाळेबंदीत टाक्यांमधील बिअर वाया जाण्याची वेळ आली, तेव्हा कर्नाटक आणि पाठोपाठ महाराष्ट्राने ती बरणीतून घरी नेण्यास परवानगी दिली. परराज्यात माल विकायचा तर चित्र अधिकच बिकट होते. प्रत्येक राज्यात लेबलची स्वतंत्र नोंदणी, स्वतंत्र शुल्क, स्वतंत्र होलोग्राम. जीएसटीमुळे २०१७ पासून देश एक बाजारपेठ झाला असे म्हटले जाते, पण मानवी सेवनासाठीचे मद्य त्यातून वगळलेले आहे. मद्याच्या बाबतीत भारत ही आजही अनेक देशांची मिळून बनलेली बाजारपेठ आहे. छोट्या उत्पादकाला इतक्या दारांवर पैसे भरणे शक्य नसते. त्यामुळे त्याचा माल परराज्यातील चाहत्यापर्यंत पोहोचण्याचे व्यवहारात एकच साधन उरते, ते म्हणजे प्रवाशाची बॅग. आणि कायद्याला ते साधन जवळजवळ ठाऊकच नाही.

परदेशातून येणाऱ्याला निदान एक आकडा तरी स्पष्ट सांगितलेला असतो. २०१६ च्या बॅगेज नियमांनी प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्कमुक्त आणण्याची सवलत दिली. त्यात व्हिस्की, वाइन आणि बिअर असा भेद केलेला नाही. सगळे एकाच मापाने मोजायचे. दोन लिटर व्हिस्कीत सुमारे ८५० मिलीलिटर शुद्ध मद्यार्क असतो, तर पाच टक्क्यांच्या दोन लिटर बिअरमध्ये अवघा १०० मिलीलिटर. सौम्य पेय पिणाऱ्यास नियम आठपट कडक झाला, असा याचा हिशेब होतो. तरीही नियम ठाऊक असल्यामुळे प्रवासी त्यात बसण्याची सोय लावतात. ३३० मिलीलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर. अमेरिकेत छोट्या उत्पादकांच्या आवडीचा ४७३ मिलीलिटरचा डबा चारच्या जुडीत मिळतो आणि ती जुडी १.८९ लिटर भरते. सिएटल वा कॅलिफोर्नियाहून पुण्या-मुंबईत सुट्टीवर येणाऱ्या सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या बॅगेत अशी एक जुडी असणे आता नवलाचे राहिलेले नाही. मर्यादेपलीकडे आणल्यास लाल मार्गाने जाऊन शुल्क भरावे लागते. ते इतके जबर असते की बिअरसाठी सहसा कोणी त्या वाटेला जात नाही.

मात्र सीमाशुल्क विभागाच्या हिरव्या मार्गातून बाहेर पडलेला प्रवासी सर्वस्वी निर्धास्त झाला, असे कायदा मानत नाही. या मुद्द्याचा निकाल फार पूर्वीच लागलेला आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये केलेल्या दारूबंदी कायद्याला आव्हान देणाऱ्या बलसारा खटल्यात, मद्याची आयात हा केंद्राचा विषय असताना राज्य ते बाळगण्यावर बंदी कशी घालू शकते, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. अर्जदाराला ज्या वस्तू बाळगण्याचा हक्क हवा होता, त्यांत व्हिस्की, ब्रँडीबरोबर बिअरही होती. मे १९५१ मधील निकालात न्यायालयाने कायद्यातील काही तरतुदी रद्द केल्या. औषधी व प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त वस्तूंवरील सरसकट बंदी त्यांत होती. पण मूळ चौकट कायम ठेवली, आणि सीमेवरून वस्तू आत येणे वेगळे व आत आल्यावर ती बाळगणे वेगळे, असा स्पष्ट भेद केला. पहिला अधिकार केंद्राचा, दुसरा राज्याचा. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत आठव्या नोंदीने मद्याचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक, खरेदी आणि विक्री हे सारे राज्यांकडेच सोपविले आहे.

तोच १९४९ चा कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने लागू आहे. ज्या राज्यात गल्लोगल्ली परमिट रूम आहेत, तिथे मूळ नियम बंदीचा आहे आणि पिणे हा परवान्याने मिळणारा अपवाद, ही विसंगती आता कोणाला खटकेनाशी झाली आहे. परमिट रूम या शब्दातील परमिट म्हणजे नेमके काय, हे तिथे बसणाऱ्या दहांतील नऊ जणांना सांगता येणार नाही. या परवान्याची गंमत अशी की तो राज्यातील अधिकृत दुकानातून घेतलेल्या मद्याला संरक्षण देतो. परराज्यातून आणलेल्या बाटलीसाठी आयातीची वेगळी परवानगी लागते. ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असा शिक्का लेबलवर असला की बाटली स्वतःच स्वतःविरुद्ध साक्ष देते. ती किती रुपयांची आहे, त्यात किती टक्के मद्यार्क आहे, ती विकायला आणली की भावाच्या वाढदिवसाला, याची विचारणा नंतरची.

दिल्लीत २०२३ मध्ये घडलेला प्रकार या गुंत्याचा नमुना म्हणावा लागेल. जूनअखेर दिल्ली मेट्रोने प्रत्येक प्रवाशाला मद्याच्या दोन सीलबंद बाटल्या नेण्यास परवानगी दिली. विमानतळाकडे जाणाऱ्या मार्गावर ती आधीपासून होती. पण मेट्रो दिल्लीबरोबरच हरियाणा आणि उत्तर प्रदेशातही धावते. दिल्लीच्या अबकारी नियमांनुसार परराज्यातून व्हिस्की-रमसारख्या मद्याची एकच सीलबंद बाटली आणता येते, याकडे काही दिवसांतच अबकारी विभागाने लक्ष वेधले. म्हणजे डब्यात चढताना कायदेशीर असलेली दुसरी बाटली दोन स्थानकांनंतर बेकायदा. वाहतूक करणाऱ्याची परवानगी आणि राज्याची परवानगी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रवाशाने कुठे वाचावे?

महाराष्ट्र-गोवा सीमेवर हाच प्रश्न अधिक तीव्र होतो. गोव्यातील मद्य स्वस्त, त्यामुळे तिथून चोरट्या मार्गाने होणारी वाहतूक ही राज्य उत्पादन शुल्क विभागाची जुनी डोकेदुखी आहे. ती काल्पनिक नाही. ट्रकमध्ये भुशाच्या पोत्यांखाली खोकीच्या खोकी सापडतात, आणि महाराष्ट्राच्या तिजोरीला त्याची झळ बसते. २०२२ मध्ये तत्कालीन मंत्री शंभूराज देसाई यांनी गोव्याहून वारंवार मद्य आणणाऱ्यांवर मोक्का लावण्याचा इशारा दिला होता. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले. त्यातून बिअर आणि वाइन वगळली असली, तरी दोन राज्यांतील किमतींची दरी एकंदरीत रुंदावली आणि त्याबरोबर चोरीचे आकर्षणही. अशा स्थितीत नाक्यावरील कर्मचाऱ्याने प्रत्येक बाटलीकडे संशयाने पाहिले तर त्याला दोष देता येत नाही.

दोष आहे तो कायद्याच्या असमान अंमलात. जानेवारी २०२३ पासून मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. तो सिंधुदुर्गच्या सीमेला अगदी लागून असल्याने सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळ या भागांतील अनेक प्रवासी तिथेच उतरतात. बेंगळुरूहून बिअरच्या सहा बाटल्या घेऊन निघालेला सावंतवाडीचा प्रवासी मोप्याला उतरून मोटारीने घरी निघाला, की इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर त्याची डिकी उघडली जाऊ शकते. त्याच बाटल्या घेऊन थेट पुण्याला उतरलेला प्रवासी मात्र सामानाच्या पट्ट्यावरून बॅग उचलून रिक्षात बसतो. देशांतर्गत आगमन कक्षात सहसा कोणी काही विचारत नाही. कायदा दोघांना एकच लागू आहे, गुन्हा असलाच तर तोही एकच. फरक पडतो तो दुसऱ्याचे तिकीट थेट घरापर्यंतचे होते म्हणून. रस्त्याने जाणारा कोकणी माणूस पकडला जातो आणि हवेतून येणारा शहरी माणूस सुटतो, असा या व्यवस्थेचा कल झाला आहे. तो कोणी मुद्दाम ठरविलेला नसेल, पण त्याची दखलही कोणी घेतलेली नाही.

विदर्भात आणखी एक पेच आहे. नागपूरला उतरलेली बॅग पाऊणशे किलोमीटरवरील वर्ध्याला गेली, की ती दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात शिरते. गडचिरोलीतही १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठली. तिथे सहा वर्षे गुन्हा असलेली गोष्ट एका निर्णयाने गुन्हा राहिली नाही. शेजारच्या गुजरातने तर १९६० मध्ये विभाजनाच्या वेळी हाच मुंबईचा कायदा वारशाने घेतला आणि २०१७ च्या दुरुस्तीने शिक्षा दहा वर्षांपर्यंत वाढविली. डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरच्या गिफ्ट सिटीपुरती सवलत मिळाली, एवढेच. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून संपूर्ण बंदी आहे. मुंबईहून अहमदाबाद वा पाटण्याला जाणाऱ्या विमानात बिअरची बॅग चढविताना वजनकाट्यावरचा कर्मचारी काही बोलत नाही, कारण विमान कंपनीच्या पुस्तकात त्यावर बंधन नसते. उतरल्यावर मात्र तो प्रवासी गंभीर कलमांच्या कक्षेत येतो.

राज्यांच्या हातातून हा अधिकार काढून घ्यावा, असे कोणी म्हणणार नाही. संविधानाच्या ४७ व्या कलमाने मद्यपानबंदीचे उद्दिष्ट राज्यापुढे ठेवलेले आहे आणि महसुलाची गरजही खरी आहे. अमेरिकेतही १९३३ मध्ये २१ व्या घटनादुरुस्तीने दारूबंदी उठविताना मद्याच्या आंतरराज्य वाहतुकीवर राज्यांचेच नियंत्रण मान्य केले. तिथे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला, तो आपल्या राज्यातील वाइन उत्पादकांना एक न्याय आणि परराज्यातील उत्पादकांना दुसरा, असा भेद करणाऱ्या राज्यांच्या बाबतीत. नियंत्रण असावे, पण ते कळण्याजोगे आणि सर्वांना सारखे असावे, एवढीच मर्यादा त्या निकालानंतर तिथे पाळावी लागली.

महाराष्ट्रात या दिशेने करण्याजोगी गोष्ट फार मोठी नाही. दिल्लीने एका बाटलीचा का होईना, आकडा ठरविला आहे. सीमाशुल्क विभागाकडे दोन लिटरचा आकडा आहे. महाराष्ट्रानेही परराज्यातून स्वतःच्या वापरासाठी आणावयाच्या मद्याची अल्पशी मर्यादा ठरवून, बिअरसाठी ती मद्यार्काच्या प्रमाणात थोडी सैल ठेवून, ती विमानतळांवर आणि सीमानाक्यांवर मराठीत लावली, तर इन्सुलीच्या नाक्यावरील कर्मचाऱ्याचा वेळ सहा बाटल्यांऐवजी सहाशे खोक्यांवर खर्च होईल. महसुलाचे म्हणाल तर, ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य शासनाने बिअरची घटती विक्री आणि त्यापासूनचा महसूल यांचा विचार करण्यासाठी अभ्यासगट नेमला होता. त्यापुढील प्रश्न शुल्काच्या दरांचा होता. प्रवाशाच्या बॅगेतील बाटलीचा विषय तेव्हाही पटलावर आला नाही. जोपर्यंत तो येत नाही, तोपर्यंत मोप्याला उतरणाऱ्याने लेबल वाचून ठेवावे, आणि पुढचा प्रवास मोटारीचा असेल तर बाटल्या निघण्यापूर्वीच संपवून यावे, हेच शहाणपणाचे.